वासिलिकच्या फ्रीजमधलं दूध

आमच्या सेंट-ओबिनमध्ये खेळाडूला वरच्या लीगमधून बोलावणं आलं, की कुणी त्याला शुभेच्छा देत नाही. मिठी नाही, निरोप नाही, ‘आता परत तोंड दाखवू नकोस’ असला चावटपणाही नाही. सकाळी कोचचा फोन येतो, पोरगा तासाभरात बॅग आणि काठ्या गाडीत टाकतो आणि जाता जाता खोलीची किल्ली माझ्या टपालपेटीत सोडतो. संध्याकाळी हॉकीच्या रिंकवर कुणीतरी मला विचारतं, “ओडील, दूध आहे का त्याच्या फ्रीजमध्ये?” मी म्हणते, “आहे.” एवढाच काय तो समारंभ.

ही पद्धत मी पाडली. लोक हसतात, पण पाळतात. गेल्या वर्षी नवा कोच आला, मोठ्या शहरातला, उंटावरचा शहाणा. तोही दोन महिन्यांत दूध विचारायला लागला.

बर्फावरच्या हॉकीत तीन पायऱ्या असतात. सगळ्यात वरची लीग म्हणजे खरी लीग, टीव्हीवर दिसते ती. तिच्या खाली मधली. आणि मधलीच्याही खाली आमच्या गावचा संघ, लॉगर्स. इथली पोरं एका बसमधून नऊ-नऊ तास प्रवास करतात, आपले मोजे आपणच धुतात आणि वरच्या पायरीकडे डोळे लावून बसतात. वर्तमानपत्रवाले त्यांना होतकरू म्हणतात. माझा भाऊ रोझेर म्हणतो, “होतकरू म्हणजे काय, तर अजून न झालेला.” रोझेरने सगळा जन्म कागदाच्या गिरणीत काढला. गिरणी बंद पडल्यापासून तो माझ्याकडे राहतो आणि माझ्या हॉकीला नावं ठेवतो. त्याला दुसरा उद्योग नाही.

मी एकतीस वर्षं या गावात टपाल वाटलं. त्यातली सव्वीस वर्षं लॉगर्सचा घरचा एकही सामना चुकवला नाही. माझी जागा विभाग सात, दुसरी ओळ, खांबाच्या बाजूला. खांबामुळे एका टोकाचा गोल दिसत नाही, म्हणून ती जागा कुणी घेत नाही. मला गोलाशी काही देणंघेणं नाही. मी पोरं बघते. प्रत्येकाची एक वही. तो किती वेळा बर्फावर उतरला, चकती, म्हणजे या खेळातला चेंडू, कुणाला दिली, गोल खाल्ल्यावर बाकावर बसून काय केलं, हे सगळं त्या वहीत. ज्यांची नावं वरच्या संघांच्या यादीत असतात त्यांना बघायला जग बसलंय. माझा जीव यादीतून खोडलेल्यांवर.

गावातल्या फ्रेंच घरांत मावशीला मातांत म्हणतात. बाहेरून आलेली पोरंही आठवड्याभरात मला मातांत म्हणायला लागतात. मी त्यांना जुनी खुर्ची मिळवून देते, रविवारी जेवायला घालते, आणि ते वर गेले की त्यांच्या खोल्या सांभाळते. खोल्या सांभाळाव्याच लागतात, कारण वर गेलेली बहुतेक पोरं चार दिवसांत खाली येतात.

बारा वर्षांपूर्वी मॅकइन्स नावाचा गोलरक्षक होता. शांत, लाजाळू, पायाने थोडा फेंगडा. त्याला एकदम सगळ्यात वरच्या लीगमधून बोलावणं आलं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीत गेले तर दूध नासायला आलेलं. मला घाण खपत नाही. मी फ्रीज रिकामा केला, सोड्याने धुतला, वायर काढून ठेवली. मनात म्हटलं, पोरगा गेला वर, आता कशाला लागतंय हे. त्याच संध्याकाळी मॅकइन्स परत आला. तीन दिवस नुसता बाकावर बसून होता, एक मिनिटही खेळला नव्हता. त्या रिकाम्या फ्रीजसमोर उभा राहून तो म्हणाला, “मातांत, मी येणार नाही असं तुला कुणी सांगितलं?”

त्याला पुन्हा कधीच बोलावणं आलं नाही. हल्ली तो न्यू ब्रन्सविकमध्ये रस्त्यावरचं बर्फ काढायचं यंत्र चालवतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर दुधानेच पोळले होते. तेव्हापासून नियम केला. पोरगा वरच्या लीगमध्ये प्रत्यक्ष बर्फावर उतरेपर्यंत त्याच्या दुधाला हात लावायचा नाही. नासू दे, फुगू दे, वास सुटू दे. उतरला, की दूध ओतायचं, फ्रीज धुवायचा, सामान खोक्यात भरून पाठवून द्यायचं. तो परत येणार नसतो.

टॅरस वासिलिक सहा हिवाळे आमच्याकडे होता. लांब पश्चिमेकडच्या सॅस्कॅचवानचा, शेतकऱ्याचा मुलगा, बचावाच्या फळीत खेळायचा. पहिल्या वर्षी आला तेव्हा एकवीसचा होता आणि तीन याद्यांत त्याचं नाव होतं. दुसऱ्या वर्षी एका यादीत उरलं. तिसऱ्या वर्षी खांदा निखळला आणि सगळीकडून पुसलं गेलं. त्याचं खेळणं डोळ्यांत भरणारं नव्हतं. तो फक्त चुकीच्या जागी कधी उभा राहायचा नाही. हे बघायला डोळे लागतात, आणि पंचवीस-तीस सामने लागतात. माझ्याकडे त्याच्या नऊ वह्या आहेत.

दर रविवारी चर्चनंतर तो यायचा. शनिवारचे उरलेले घेवडे मी गरम करायची आणि तव्यावर प्लोय, म्हणजे आमची कुट्टूच्या पिठाची धिरडी, टाकायची. प्लोय एकाच बाजूने भाजायचे असतात, उलटायचे नसतात. टॅरसने पहिल्याच दिवशी उलटला होता. रोझेरने तो प्रसंग सहा वर्षं जिवंत ठेवला. “काय रे, तुझ्या त्या सॅस्कॅचवानात सगळं उलटंच करतात का?” दर रविवारी तेच, आणि दर रविवारी टॅरस नव्याने हसायचा. मग तो माझ्या स्वयंपाकघरातला गळणारा नळ दुरुस्त करायचा. नळ गळायचा, कारण मीच शनिवारी त्याचा पेच सैल करून ठेवायची. हे रोझेरला माहीत आहे. टॅरसलाही माहीत असावं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये घेवडे खाता खाता तो म्हणाला, “मातांत, हा शेवटचा हिवाळा.”

“दर वर्षी म्हणतोस.”

“या वर्षी बाबांना शब्द दिलाय. मे महिन्यात पेरणीला मी घरी.”

रोझेर म्हणाला, “बरोबर आहे. सत्तावीस वर्षांचा होतकरू कुठे असतो का? माझ्या घोड्याला सत्ताविसाव्या वर्षी गोळी घालावी लागली होती.”

“तुझा घोडा कधी होता रे?” मी म्हटलं.

“शेजाऱ्याचा होता. पण वाईट मला वाटलं.”

टॅरस हसला, पण त्याने चमचा खाली ठेवला. “एक सामना, मातांत. जास्त नको. वरच्या लीगमध्ये एकदा बर्फावर उतरलं, एका मिनिटासाठी का होईना, की नाव त्यांच्या पुस्तकात जातं. कायमचं. मग मी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवीन, कुरकुर करणार नाही.”

त्या दिवसापासून मला दुसरी इच्छा उरली नाही. मी देवाकडे आजवर स्वतःसाठी फार काही मागितलेलं नाही. एकदा लग्न मागितलं होतं, ते जमलं नाही. एकदा आईचं दुखणं कमी कर म्हटलं, त्याने आईलाच नेलं. म्हणून मी जपूनच मागते. पण त्या हिवाळ्यात रोज सकाळी गुडघे टेकून मी हेच मागितलं, की पोराला एक मिनिट मिळू दे.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी टपालपेटीत किल्ली वाजली. मी खिडकीशी गेले तोवर त्याची गाडी वळली होती. वरच्या लीगमधल्या संघात फ्लूची साथ होती, तीन बचावपटू आडवे झाले होते, मधल्या लीगमधलेही दोघे जायबंदी. देव एवढा खटाटोप करून एखादी गोष्ट देतो तेव्हा ती नक्की देतो, असं मला वाटलं.

मी त्याच्या खोलीवर गेले. फ्रीजमध्ये अंडी, मोहरीची बाटली, अर्धं चीज आणि निळ्या झाकणाचं अर्धं भरलेलं दूध. त्यावर नऊ मार्चची तारीख. मी दार लावलं.

शनिवारी टीव्हीवर तो प्रेक्षकांत सूट घालून बसलेला दिसला. न खेळणारे खेळाडू तसे बसतात. सोमवारी पुन्हा सूट. रोझेर म्हणाला, “एवढ्या लांब विमानाने नेऊन सामना बघायला बसवलाय. तो तर इथेही फुकट बघत होता.”

बुधवारी सकाळी मी खोलीचे नळ गोठलेत का बघायला गेले आणि फ्रीज उघडला. तारीख उलटून गेली होती, डबा फुगायला लागला होता. दार लावलं. मग घेवडे आणायला दुकानात गेले, आणि येताना माझ्या पिशवीत निळ्या झाकणाचं दूध होतं. मी दूध पीत नाही. रोझेर कॉफीत पावडर घालतो. मी परत जाऊन तो नवा डबा जुन्याच्या शेजारी ठेवून दिला. तेव्हा मनाशी एवढंच म्हटलं, की आला तर सकाळी त्याच्या ओट्सना दूध हवं. नियम दूध ओतायचं नाही असा होता. आणायचं नाही असं कुठे म्हटलं होतं?

त्या संध्याकाळी टॅरस बर्फावर उतरला.

सामन्याआधी दोन्ही संघ अंग गरम करायला येतात. वरच्या लीगमधली एक रीत आहे. ज्याचा पहिला सामना असतो त्याला सगळे पुढे ढकलतात आणि स्वतः बर्फावर येण्याच्या बोगद्यातच थांबतात. त्याने एकट्याने, शिरस्त्राण न घालता, सगळ्या लोकांसमोर बर्फावर फेरी मारायची. टॅरस एकटा बाहेर आला. चौऱ्याहत्तर नंबर. डोक्यावरचे केस विरळ झालेले मला पहिल्यांदाच दिसले. तो फेरी मारताना सारखा वर प्रेक्षकांकडे बघत होता. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, सत्ताविसाव्या वर्षी पहिला सामना, चिकाटी असावी तर अशी. भांडी पुसणारा रोझेर फडकं घेऊन दारात येऊन उभा राहिला. मी त्याला बस म्हटलं नाही. तो बसला असता तर काहीतरी मोडलं असतं.

मग सामना सुरू झाला आणि बाकावर चौऱ्याहत्तर नंबर नव्हता. फ्लूतून उठलेल्या एकाने शेवटच्या क्षणी सांगितलं होतं, मला बरं वाटतंय, मी खेळतो. टीव्हीवरच्या माणसाने ते एका वाक्यात उरकलं. पहिल्या सामन्याची फेरी मारून झाली होती आणि सामना झाला नव्हता. असं होत नाही. माझ्या सव्वीस वर्षांत मी असं ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तो परत आला. मी किल्ली घेऊन खोलीवर गेले. त्याने बॅग खाली ठेवली, बूट काढले, पाणी प्यायला फ्रीज उघडला आणि तसाच उभा राहिला. मग नवा डबा बाहेर काढून त्याने तारीख वाचली.

“हे कधी आणलंस, मातांत?”

“सवयीने आणलं असेल.”

“कधी?”

“बुधवारी.”

“सकाळी?”

मी मान डोलावली. त्याने तो डबा परत जागेवर ठेवला. चिडला असता तर बरं झालं असतं. टॅरस चिडत नसे.

“मॅकइन्सचा फ्रीज तू रिकामा केलास,” तो म्हणाला. “सगळं गाव म्हणतं तू चुकलीस. पण त्याच्यावर तुझा विश्वास होता, म्हणून तू तो रिकामा केलास. माझ्यासाठी तू नवीन दूध आणून ठेवलंस.”

“टॅरस, तसं नाहीये रे.”

“असू दे. मी दमलोय.”

मी घरी आले आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात बसले. बारा वर्षं मी समजत होते की मॅकइन्सला माझ्या घाईने बुडवलं. तसं काही नसतं, हे मलाही कळतं. दुधाने कुणी वर जात नाही की खाली येत नाही. पण माणूस काय मागतो आणि त्याच्या पिशवीत काय निघतं, यात फरक असतो आणि तो माझ्या पिशवीत सापडला होता. रोज सकाळी गुडघे टेकून मी त्याला एक मिनिट दे म्हणत होते, आणि त्याच हातांनी त्याच्या परतीची तयारी केली होती.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. रोझेर म्हणाला, “आजारी असेल.” तो आजारी नव्हता, शनिवारी खेळला होता. मी विभाग सातमध्ये बसून होते, पण वहीत काही लिहिलं नाही. स्वयंपाकघरातला नळ ठीक चालला होता.

तिसऱ्या रविवारी मी प्लोय केले, टॉवेलात गुंडाळले आणि त्याच्या खोलीवर गेले. दार उघडल्यावर त्याने आत बोलवायची वाटही मी बघितली नाही. टपालवाली आहे, दारात उभं राहून बोलायची सवय आहे.

“तू म्हणालास ते खरं आहे,” मी म्हटलं. “मला तू परत हवा होतास. तुला तिथे एक मिनिट मिळावं असंही वाटत होतं, देवाशपथ वाटत होतं. पण त्याहून जास्त मला तू रविवारी टेबलाशी हवा होतास. मे महिन्यात तू जाणारच आहेस, तर तोवर तरी राहा, असं वाटत होतं. हे काही चांगलं नाही. पण आहे ते असं आहे.”

त्याने टॉवेल घेतला आणि दारातच उभ्याने एक प्लोय खाल्ला. मग म्हणाला, “ती फेरी मारत होतो ना, तेव्हा मी वर काय बघत होतो माहितीये?”

“काय?”

“विभाग सात, दुसरी ओळ. एवढे लोक, आणि मी खांब शोधत होतो. त्यांच्याकडे खांबच नाहीत.”

“बिनखांबाचं रिंक कसलं रे ते,” मी म्हटलं, आणि मला रडू आलं. तो आत जाऊन कागदी रुमाल घेऊन आला. पुढच्या रविवारी तो जेवायला आला तेव्हा नळ गळत होता.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी वरच्या लीगचा शेवटचा दिवस होता. त्या संघाचं सगळं हातचं गेलं होतं, हरले काय नि जिंकले काय, सारखंच. आमचेही दोनच सामने उरले होते. त्या दिवशी सकाळी मी खिडकीशी बसून पाव खात होते. टॅरसची गाडी थांबली. तो उतरला, टपालपेटीजवळ आला आणि त्याने वर पाहिलं. मी त्याला दिसत होते. त्याने हात हलवला नाही, मीही नाही. रीत ती रीत. किल्ली पेटीत पडली आणि तो गेला.

मी कोट घातला. रोझेर मागून म्हणाला, “कुठे निघालीस? घेवडे करपतील.”

“करपू देत.”

तो माझ्यामागे चपलांनिशीच आला, एप्रिलच्या चिखलातून. मी टॅरसची खोली उघडली, फ्रीज उघडला. निळ्या झाकणाचं दूध होतं. नवीन, न फोडलेलं. मी झाकण पिळलं.

“अगं वेडे,” रोझेर दारातून म्हणाला. “अजून त्याचं विमानसुद्धा उडालं नाही. मॅकइन्सचं काय झालं विसरलीस?”

“गप बस.”

“तूच केलेला नियम आहे. सगळं गाव पाळतंय.”

“गावाला पाळू दे.”

मी खोटं सांगणार नाही, मला भीती वाटत होती. बारा वर्षांचा नियम होता, आणि पुन्हा तेच झालं असतं तर त्याच्यासमोर मी कोणत्या तोंडाने उभी राहिले असते? तरी मी सगळं दूध मोरीत ओतलं. अंडी आणि चीज रोझेरच्या हातात दिलं. त्याने मुकाट्याने घेतलं. सोडा घालून कप्पे धुतले, कोरडे केले, वायर काढली, आणि दार मिटू नये म्हणून मध्ये टॅरसची एक मोडकी काठी लावून ठेवली. खोलीत फ्रीजची घरघर बंद झाली. सहा वर्षांत ती खोली इतकी गप्प मी पाहिली नव्हती.

संध्याकाळी सामन्याआधी संघ बर्फावर आला. या वेळी टॅरसने एकट्याची फेरी मारली नाही. ती एकदा मारून झालेली होती. तो सगळ्यांच्या मधून आला, आठवा की नववा. वरच्या लोकांकडे त्याने पाहिलंही नाही. मी टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची ओढली. वही उघडली. रोझेर आज बसला. कोचने नावं दिली. त्यात चौऱ्याहत्तर होता.

तो अकरा वेळा बर्फावर उतरला. सगळे मिळून सात मिनिटं आणि बावीस सेकंद. चकती सहा वेळा त्याच्याकडे आली. पाच वेळा त्याने ती नीट दिली, एकदा हरवली. एकदा त्याला कठड्यावर आपटलं तेव्हा रोझेरने टीव्हीला फ्रेंचमध्ये शिवी दिली. गोल नाही, काही नाही. त्याचा संघ चार-एकने हरला. चुकीच्या जागी तो एकदाही उभा राहिला नाही. हे टीव्हीवरच्या माणसाला दिसलं नाही. मी लिहून ठेवलंय.

सामना संपल्यावर रोझेर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. मग म्हणाला, “झाला.”

“काय?”

“पोरगा. झाला एकदाचा.” आणि तो उठून करपलेल्या घेवड्यांचं भांडं घासायला गेला.

थोड्या वेळाने फोन वाजला. मागे खूप आवाज होते, कुणीतरी हसत होतं.

“मातांत.”

“सहाव्या वेळी हरवलीस ती चकती. डावीकडे द्यायला हवी होतीस,” मी म्हटलं. मला दुसरं काही सुचेना.

“डावीकडे कुणी नव्हतं.”

“होता. मागून येत होता.”

तो हसला. मग म्हणाला, त्यांनी विमानाचं तिकीट कुठलं हवं विचारलं. आमचे दोन सामने आता नावापुरतेच होते, कोचने त्याला मोकळं केलं होतं. घरी बर्फ लवकर वितळलंय, बाबा एकटेच यंत्रं काढताहेत. “मी इथूनच घरी जातो, मातांत. गाडीचं पुढे बघू. सामान पाठवशील ना?”

“पाठवीन.”

“दुधाचं काय?”

“ओतलं.”

“आत्ता?”

“सकाळीच.”

मागचा गोंगाट तेवढा ऐकू येत होता. मग त्याने हळू विचारलं, “मी विमानात होतो तेव्हा?”

“तू पुलापर्यंतही पोचला नसशील.”

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. शेवटी कुणीतरी त्याला हाक मारली, आणि तो म्हणाला, “रोझेरला सांग, प्लोय मी उलटूनच खाणार.” मी सांगते म्हटलं.

त्याचं सामान चार खोक्यांत मावलं. मी ते स्वतः टपालात दिलं, पत्ता मोठ्या अक्षरांत घालून. नऊ वह्या खोक्यात घालाव्या असं एकदा मनात आलं होतं. नाही घातल्या. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे.

नवीन पोरं सप्टेंबरात येतात. तोवर ती खोली रिकामी असते, आणि फ्रीजचं दार उघडंच ठेवावं लागतं, नाहीतर आत वास धरतो. रविवारी चर्चमधून येताना मी त्या खोलीवर जाऊन बघून येते. काठी जागेवर असते. मग घरी येऊन मी तव्यावर प्लोय टाकते. पीठ अजून तिघांचंच भिजवलं जातं.